अँग्लो-सॅक्सन कला-पुरातत्त्वात करिअर करायचंय? आधी एक बकल नीट बघायला शिका

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो, बहुतेक बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरंपोरी, की ताई ते सटन हूचं (पूर्व इंग्लंडातली सातव्या शतकातली कबर, अख्ख्या जहाजासकट पुरलेली) शिरस्त्राण बघितलं आणि वेड लागलं, आता यातच करिअर करायचंय, काय करू. मी प्रोफेसर नाही, आधीच सांगते. पुण्यात एमए, मग इंग्लंडात एक वर्षाचं मास्टर्स, आणि आता खोदकामातून आलेल्या वस्तू धुणं, मोजणं, नोंदवणं, ज्याला इकडे नुसतं 'फाइंड्स' म्हणतात ते काम. पण तेच तेच उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागलीत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

विषय म्हणजे काय ते पटकन. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली साधारण ४१० च्या सुमारास, तिथून १०६६ ला नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकेपर्यंतचं इंग्लंड. आपल्याकडे बघायचं तर अजिंठ्याची वाकाटकांच्या काळातली लेणी कोरायच्या थोडं आधीपासून ते १०६० चं अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहीपर्यंत. एवढ्या काळातल्या कबरी, दागिने, तलवारी, दगडी क्रॉस, हस्तलिखितं, नाणी, भरतकाम, चर्च, आणि हो, भरपूर खापरं. पोस्टरवर सोनं दिसतं, पण रोजच्या टेबलावर खापरं, हाडं आणि गंजलेल्या लोखंडाचे गोळे असतात. हे वाचून उत्साह कमी झाला असेल तर इथेच थांबा, राग नाही.

पहिलं काम, आणि याला पैसे लागत नाहीत

अॅडमिशन, स्कॉलरशिप सगळं नंतर. आज रात्री ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर जाऊन सटन हूचं मोठं सोन्याचं बकल उघडा. वजन ४१२.७ ग्रॅम, म्हणजे आपल्या भाषेत पस्तीस तोळ्यांच्या वर. आतून पोकळ आहे. आता त्याच्यावर किती प्राणी आहेत ते मोजा. पहिल्यांदा तुम्हाला नुसता गुंता दिसेल, शेवयांसारखा. मग एक डोळा सापडेल, डोळ्यावरून जबडा, जबड्यावरून मान, मान दुसऱ्याच्या पोटाखालून जाते, तिसऱ्याच्या पायावरून वर येते. एकूण तेरा आहेत. मला पहिल्यांदा सातच सापडले होते आणि दोन तर मी एकाचेच दोनदा मोजलेले.

हे मोजणं म्हणजेच हा विषय, खरंच सांगते. बर्नहार्ड सालिन नावाच्या स्वीडिश माणसाने १९०४ मध्ये असंच हजारो तुकड्यांवरचे प्राणी बघून त्यांचे गट पाडले, स्टाइल वन आणि स्टाइल टू. वन मध्ये प्राणी तुकडे तुकडे करून कोंबलेला असतो, इथे मांडी तिथे पंजा, आणि टू मध्ये तो लांबट होऊन पट्टीसारखा वेटोळे घेतो. ही नावं अजून वापरतात, शंभर वर्षं उलटून गेली तरी.

मग सटन हूच्याच दुसऱ्या दागिन्यांवरचे गार्नेटचे खडे बघा, तांबडे (या बकलवर ते नाहीत). सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून छोटी छोटी कोंदणं बनवलेली, त्यात कापून बसवलेले खडे, आणि प्रत्येक खड्याच्या खाली सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर बारीक चौकड्या ठोकलेल्या, का तर आत गेलेला उजेड परत बाहेर उडावा. आपले जुने सोनार खड्याखाली डांक घालतात तोच विचार. तुमच्या ओळखीत जडावाचं काम करणारा सोनार असेल तर त्याच्या शेजारी दोन दिवस बसा, मी हे सिरियसली सांगतेय, कारण पुस्तकात 'क्लॉइझोने' शब्द पन्नास वेळा वाचून जे कळत नाही ते खडा घासताना बघितल्यावर पाच मिनिटांत कळतं. आणि गंमत म्हणजे या खड्यांच्या रासायनिक तपासण्या झाल्यात आणि त्या काळातले बरेच गार्नेट भारतातून, राजस्थानच्या बाजूने, आणि श्रीलंकेतून गेलेले निघाले, पुढे तो पुरवठा आटल्यावर बोहेमियाचे खडे वापरायला लागले. त्यामुळे "तुझा काय संबंध याच्याशी" असं कुणी विचारलं तर सांगायचं, माल आमच्याकडून गेलाय, हिशोब बघायला आलेय.

यातले मोठे लोक कुठल्या रस्त्याने आले

हे लिहायचं कारण, सगळ्यांना वाटतं ऑक्सफर्ड-केंब्रिजचा सरळ हायवे असतो. नसतो.

बेझिल ब्राउनने बाराव्या वर्षी शाळा सोडली, शेतावर राबला, विम्याचा एजंट झाला, खगोलशास्त्र आपलं आपण शिकला. सफ़ोकमधल्या ईडिथ प्रिटी यांच्या जमिनीवर टेकाडं होती, ती उघडायला १९३८ मध्ये त्याला बोलावलं, आणि १९३९ च्या उन्हाळ्यात त्याला वाळूत लोखंडी खिळ्यांच्या ओळी लागल्या. लाकूड केव्हाच विरघळून गेलेलं, मातीच तशी आम्लयुक्त, पण खिळे जिथल्या तिथे आणि वाळूत फळ्यांचा ठसा, सुमारे २७ मीटर लांबीचं अख्खं जहाज नुसत्या डागाच्या रूपात. घाई करणारा माणूस असता तर फावड्याने ते सगळं उडवून टाकलं असतं. त्याने खिळे हलवले नाहीत. पुढे केंब्रिजच्या चार्ल्स फिलिप्सनी ताबा घेतला, सोनं पहिल्यांदा पेगी पिगॉटच्या हाताला लागलं, ब्राउनचं नाव कितीतरी वर्षं मागेच राहिलं. तोही या करिअरचा एक भाग आहे, लक्षात ठेवा.

रोझमेरी क्रॅम्प मूळच्या इंग्रजी साहित्याच्या. ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवायच्या, मग डरमला गेल्या आणि मंकवेअरमथ आणि जॅरो हे दोन मठ वर्षानुवर्षं खणले, म्हणजे जिथे बीड नावाचा साधू राहून आठव्या शतकात इंग्लंडच्या चर्चचा इतिहास लिहीत होता ते ठिकाण. १९७१ मध्ये त्या डरमच्या पहिल्या बाई प्रोफेसर झाल्या. आणि त्यांनी सुरू केलेलं दगडी शिल्पांचं कॉर्पस, पहिला खंड १९८४ चा, एकेका परगण्यातला प्रत्येक कोरीव तुकडा मोजून, फोटो काढून, दगड कुठल्या खाणीतला ते बघून नोंदवलेला. बराचसा ऑनलाइन फुकट आहे. २०२३ ला त्या गेल्या, नव्वदी ओलांडून.

ब्रायन होप-टेलर तर चित्रकार, लाकडावर कोरून छापे काढणारा. येव्हरिंगचा राजवाडा, म्हणजे लाकडी दालनं, ज्यांचे फक्त खांबांचे खड्डे उरलेत, तो त्याने १९५२ ते ६२ खणला आणि रिपोर्ट आला १९७७ ला. मार्टिन कार्व्हर आधी लष्करात अधिकारी, मग ऐंशीच्या दशकात सटन हूचं नवं उत्खनन त्यांनी चालवलं.

एक साहित्यवाली, एक चित्रकार, एक फौजी, एक विमा एजंट. तुम्ही संस्कृत, इतिहास, जिऑलॉजी, जेजे, कुठूनही येत असाल तर स्वतःला उगाच कमी समजू नका, फक्त जे येतं ते घेऊन या. होप-टेलरचे येव्हरिंगचे प्लॅन बघा, चित्रकाराचा हात काय असतो ते कळेल.

भाषा, ज्याला कुणाला वेळ द्यायचा नसतो

जुनी इंग्रजी, थोडी लॅटिन, आणि वाचण्यापुरती जर्मन. तिन्ही. फक्त वस्तूंवर काम करणार आहे, भाषा कशाला, असं मी पण म्हणायचे.

अल्फ्रेड ज्वेल घ्या, नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या अल्फ्रेड राजाचा मानतात तो. १६९३ मध्ये सॉमरसेटमध्ये नॉर्थ पेदर्टनजवळ सापडला, आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमध्ये आहे. सोनं, मीना, वरती स्फटिक, आणि कडेने सोन्याच्या जाळीत अक्षरं, "एल्फ्रेड मेक हेट गेविर्कान". अल्फ्रेडने मला घडवून घेतलं. वस्तू स्वतःच बोलतेय, स्वतःला 'मी' म्हणतेय. आता श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी काय कोरलंय आठवा, "श्रीचावुण्डराजें करवियलें". केलं नाही, करवियलें. तोच प्रयोजक. अल्फ्रेड राजा काय, गंग राजांचा मंत्री चावुण्डराय काय, स्वतः हातोडी घेऊन कुणी बसला नव्हता, करवून घेतलं, आणि दोन्हीकडच्या कारागिराचं नाव मात्र गायब. मराठी माणसाला ही ओळ इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लवकर भिडते असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण आजच्या इंग्रजीत असं शेपूट जोडून प्रयोजक होत नाही आणि आपण रोज करवतो, लिहवतो, बोलावून घेतो.

मोडी येत असेल तर अजून फायदा. म्हणजे मोडीचा तिथे थेट उपयोग शून्य, पण लिपी वाचायला बसायची सवय झालेली असते. जुन्या इंग्रजी हस्तलिखितात एक अक्षर हुबेहूब इंग्रजी 'पी' सारखं दिसतं आणि त्याचा आवाज 'व', नवीन मुलं महिनाभर तिथेच अडखळतात. लिंडिसफार्नची शुभवर्तमानं, आठव्या शतकाच्या सुरुवातीची, मूळ लॅटिन, आणि दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या पुरोहिताने ओळींच्या मधे बारीक अक्षरात जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिलाय, अगदी आपण शाळेत संस्कृतच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहायचो तसा, फक्त त्याने ते इंग्लंडच्या सगळ्यात भारी पुस्तकात लिहिलं. त्यातली गालिच्यासारखी नक्षीची पानं कशी आखली तर कंपास, टोचलेले ठिपके आणि चौकटीची जाळी. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या माणसाने ते पान समोर ठेवून एकदा काढून बघावं, नुसतं बघू नये.

जुन्या इंग्रजीचा बॉसवर्थ-टॉलर कोश ऑनलाइन फुकट आहे. रोज वीस मिनिटं. जर्मनसाठी पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहेच, पण वाचन हे ध्येय ठेवा, स्टेशनवर तिकीट मागण्याचे संवाद नाही.

डिग्री कशी लावायची

बीए कशातही करा. मग माझा सल्ला, थेट परदेशी उडी मारू नका, आधी भारतातच एमए पुरातत्त्व करा आणि हात मातीत घाला. डेक्कन कॉलेजचं नाव सगळ्यांना माहीतच आहे. ह. धी. सांकलियांनी लंडनला पीएचडी केली तेव्हा ते मॉर्टिमर व्हीलरच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले होते, आणि तोच व्हीलर १९४४ ते ४८ भारताच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होता. डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून सुरू झालं १९३९ ला, सटन हूच्याच वर्षी. सांगायचा मुद्दा, ट्रेंचची भिंत सरळ कापणं, थर वाचणं, नोंद ठेवणं, यात तुम्ही इकडच्या, म्हणजे इंग्लंडातल्या, मुलांच्या मागे नसता, उलट उन्हात काम केल्यामुळे काटक असता. माझ्या मास्टर्सच्या वर्गात थर ओळखताना मला भीती वाटली नाही, भीती वाटली ती लॅटिनच्या तासाला.

मग इकडचं एक वर्षाचं मास्टर्स. केंब्रिजला या विषयाचा चक्क स्वतंत्र विभाग आहे, अँग्लो-सॅक्सन, नॉर्स आणि केल्टिक, पण तिथे जोर भाषा आणि हस्तलिखितांवर. वस्तू आणि उत्खनन हवं असेल तर ऑक्सफर्ड, यॉर्क, डरम, लंडनचं यूसीएल वगैरे बघा. नावावर जाऊ नका, तिथे तुमच्या वस्तूंवर काम करणारा माणूस सध्या आहे का ते बघा, कारण तो रिटायर झाला की कोर्सचं नाव तसंच राहतं आणि आत काही नसतं.

पैसे. कॉमनवेल्थ, चीव्हनिंग, फेलिक्स, इनलॅक्स, जे. एन. टाटा एन्डोमेंट, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आणि बदलतात, साइटवर जाऊन वाचा, मला विचारू नका. चीव्हनिंग दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतं एवढं लक्षात ठेवा. स्कॉलरशिप नसेल तर कर्ज काढून या विषयात येऊ नका, प्लीज. इंजिनिअरिंगचं कर्ज फिटतं, हे फिटायला आयुष्य जाईल.

गाइडला मेल लिहिताना, एक परिच्छेद, कुठली वस्तू, कुठला प्रश्न, तुम्हाला काय येतं, बास. मी अकरा जणांना एकच मेल कॉपी-पेस्ट केला होता आणि एकीला दुसऱ्या सरांच्या नावाने "डिअर" करून पाठवला. तिने उत्तर दिलं, "तुमचा मेल त्यांना पुढे पाठवला आहे." तिथे अर्ज केलाच नाही मग.

विषय छोटा घ्या, अजून छोटा

"अँग्लो-सॅक्सन कलेतील प्राणी" हा पीएचडीचा विषय नाही, ते तीन जन्मांचं काम आहे. "केंटमधल्या सहाव्या शतकातल्या चौकोनी डोक्याच्या ब्रोचांवर झालेल्या दुरुस्त्या", हा विषय आहे. पिन कुठे तुटली, पुन्हा कशी जोडली, कुठली बाजू घासली गेलीय, म्हणजे किती वर्षं वापरला, आईचा मुलीला गेला का. सामग्री कुठून आणायची तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. १९९७ ला सुरू झालेली योजना, मेटल डिटेक्टर घेऊन शेतातून फिरणारे लोक जे सापडेल ते नोंदवतात, पंधरा लाखांवर वस्तू डेटाबेसमध्ये आहेत, घरबसल्या उघडता येतात. इकडचा ट्रेझर ॲक्ट १९९६ चा, खजिन्यात मोडणारी वस्तू कळवावी लागते आणि म्युझियमने घेतली तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला मिळतो. स्टॅफर्डशायरचा साठा असाच, २००९ च्या जुलैत टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला लिचफिल्डजवळच्या शेतात सापडला, सुमारे चार किलो सोनं, बहुतेक तलवारींच्या मुठींचे उपटलेले तुकडे, किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. एकही बाईचा दागिना त्यात नाही म्हटलं तरी चालेल, सगळा लढाईचा माल. का पुरला, यावर अजून भांडणं चालू आहेत आणि बरी चालू आहेत.

पण डेटाबेस वापरताना एक मेख आहे. नकाशावर ठिपके दाट दिसले म्हणजे तिथे लोक जास्त होते असं नाही, तिथे नांगरलेली शेतं आणि डिटेक्टरवाले जास्त असू शकतात. हे मी पहिल्या निबंधात विसरले आणि लाल शाईने एकच शब्द आला, "खरंच?"

आता नोंद कशी लिहायची, कारण शेवटी तुमचं करिअर म्हणजे अशा हजार नोंदी. आधी वस्तू काय, धातू काय, लांबी-रुंदी-वजन, अवस्था. मग वर्णन, बाहेरून आत किंवा वरून खाली, एकच दिशा धरायची, मधेच उडी नाही. मग कसं बनवलं, ओतलं, ठोकलं, तार लावली, रवे लावले, काळा निएलो (कोरलेल्या नक्षीत भरायचं काळं मिश्रण) भरला. मग यासारखं अजून कुठे आहे. मग काळ. आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, अर्थ. नवीन माणूस उलटं करतो, पहिल्याच ओळीत "ओडिन देवाचं प्रतीक" आणि पिन कुठल्या बाजूला होती ते लिहायलाच विसरतो. "धार्मिक विधीसाठी वापरत असावेत" हे वाक्य तर लिहायचंच नाही, त्याचा अर्थ सगळ्यांना माहितीय, मला कळलं नाही.

वस्तूवर विश्वास ठेवायचा पण डोळे झाकून नाही, आणि संशय घ्यायचा तोही डोळे झाकून नाही. फुलर ब्रोच म्हणून एक चांदीचा ब्रोच आहे, नवव्या शतकातला, त्यावर पाच माणसं, पाच इंद्रियं, मधोमध डोळे वटारून बघणारी दृष्टी. इतका धडधाकट की जाणकारांनी नकली ठरवला, एवढं जुनं एवढं चांगलं कसं राहील म्हणून. कॅप्टन फुलरने तो चांदीच्या भावात घेतला म्हणतात. नंतर त्यातला काळा निएलो तपासला तर तो जुन्याच पद्धतीचा निघाला, आणि १९५२ ला ब्रोच ब्रिटिश म्युझियममध्ये आला. अनेक वर्षं सगळे हुशार लोक चूक, आणि चूक का तर वस्तू छान होती म्हणून.

दुसरं उदाहरण नाण्यांचं. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे अल्फ्रेडच्या बाजूची बखर समजा, ती मर्शियाच्या (मध्य इंग्लंडातलं राज्य) केओलवुल्फ राजाला व्हायकिंगांच्या हातचा मूर्ख सरदार म्हणून उडवून लावते. २०१५ मध्ये वॉटलिंग्टनला साठा सापडला, त्यात अल्फ्रेड आणि केओलवुल्फ दोघांचीही नाणी, एकाच छापाची, दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले. म्हणजे काही काळ तरी दोघं बरोबरीने नाणी पाडत होते आणि अल्फ्रेड मोठा झाल्यावर बखरकाराने जुना पार्टनर पुसून टाकला. बखरी वाचलेल्या मराठी माणसाला याचं काय नवल, पण हे सिद्ध झालं चांदीच्या गोल तुकड्यांनी. त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये दोघांना असाच साठा मिळाला, त्यांनी कळवलाच नाही, विकायला काढला, जेलमध्ये गेले आणि बहुतेक नाणी अजून बेपत्ता आहेत. म्हणून, कुठून आली ते माहीत नसलेली वस्तू कुणी "जरा बघून सांग ना" म्हणून दाखवली तर नाही म्हणा. डीलर गोड बोलतात. तुमच्या एका मेलचं ते सर्टिफिकेट करतात.

नोकरी

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त नोकऱ्या बांधकामामुळे आहेत. १९९० पासून इंग्लंडात बिल्डरने बांधायच्या आधी पुरातत्त्वाचा खर्च उचलायचा असं धोरण आलं, त्यामुळे कमर्शियल युनिट्स, म्हणजे उत्खननाची कंत्राटं घेणाऱ्या संस्था, उभी राहिली. प्रिटलवेलची राजेशाही कबर २००३ मध्ये रस्ता रुंद करायच्या आधी सापडली, भिंतींच्या आकड्यांना लटकवलेली भांडी जागच्या जागी. हारपोलचा तीस लटकनांचा हार २०२२ ला, घरांच्या स्कीमच्या जागेवर. पण अशा एका दिवसामागे शंभर दिवस रिकाम्या ट्रेंच, पाऊस, गुडघाभर चिखल आणि प्लास्टिकचं टॉयलेट. साइटवर जायला सीएससीएस कार्ड, म्हणजे बांधकामाच्या जागी सुरक्षितपणे काम करता येतं असं दाखवणारं कार्ड, लागतं, त्याची परीक्षा सोपी आहे. पगार बेताचा. पण हाताखालून जेवढा माल जातो तेवढा युनिव्हर्सिटीत बसून आयुष्यात जात नाही.

म्युझियमच्या जागा क्वचित निघतात आणि एका जागेला पीएचडीवाल्यांची रांग. युनिव्हर्सिटी त्याहून अवघड, २०२१ मध्ये शेफील्डने पुरातत्त्वाचा नावाजलेला विभागच बंद करायचं ठरवलं, एवढ्यावरून समजा. जिल्ह्याजिल्ह्यात फाइंड्स लियाझन ऑफिसर असतात, डिटेक्टरवाल्यांच्या वस्तू नोंदवणारे, ती नोकरी मला सगळ्यात आवडते, रोज नवीन डबा उघडायचा. कॉन्झर्वेशन शिकलात तर भारतात परत यायचा रस्ताही उघडा राहतो, गंजलेलं लोखंड सगळीकडे सारखंच. व्हिसाचे नियम सतत बदलतात, निघायच्या आधी सरकारी साइट बघा, काकांच्या ओळखीच्या एजंटला नाही.

आणि धीर ठेवा, या धंद्यात वेळ मोजायची पद्धत वेगळी आहे. रूपर्ट ब्रूस-मिटफर्डनी १९४६ मध्ये सटन हूचं काम हातात घेतलं, खंड आले १९७५, ७८ आणि ८३ ला. ते शिरस्त्राण पाचशेहून जास्त तुकड्यांत होतं, हर्बर्ट मॅरियननी १९४५-४६ ला जोडलं, मग वाटलं काहीतरी चुकतंय, तर निगेल विल्यम्सनी ते पुन्हा तोडून १९७०-७१ ला नव्याने जोडलं. जो फोटो बघून तुम्ही मला मेसेज केलात ती दुसरी आवृत्ती आहे.

नावाची भानगड, आणि आपण तिथे काय करतोय

'अँग्लो-सॅक्सन' हा शब्दच वादात आहे. विशेषतः अमेरिकेत गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी तो वापरून वापरून घाण केला, २०१९ मध्ये यातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नाव बदलायचं ठरवलं आणि 'अर्ली मेडिव्हल इंग्लंड' वालं घेतलं. ब्रिटनमधले बरेच पुरातत्त्ववाले अजून जुनाच शब्द वापरतात, मी पण इथे वापरला, कारण तुम्ही तोच गूगल करणार. इंटरव्ह्यूत विचारतील, दोन्ही बाजू माहीत ठेवा आणि तुमचं मत कारणासकट सांगा, मोघम हसू नका.

आणि "भारतात एवढं असताना हे का" हा प्रश्न इकडे पण येतो, घरी पण येतो. घरच्यांना मी गार्नेटचं सांगते. इकडच्यांना ८८३ सालची क्रॉनिकलची नोंद सांगते, अल्फ्रेडने सिगेहेल्म आणि ॲथेल्स्तान या दोघांबरोबर रोमला आणि भारतात संत थॉमस, संत बार्थोलोम्यू यांच्यासाठी दान पाठवलं. मग कुणीतरी हुशार म्हणतं की काही प्रतींत भारत नाही, ज्यूडिया (जेरुसलेमच्या आसपासचा प्रदेश) आहे, आणि आपण म्हणायचं, हो, चला पाठभेदावर बोलू, आणि प्रश्न तिथेच संपतो. फारच ताणलं तर १८१९ मध्ये अजिंठ्याला शिकारीला आलेला जॉन स्मिथ आहे, त्याला कुणी विचारलं नव्हतं इथे काय करतोस, आणि त्याने तर दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. मी निदान खांबांवर काही लिहीत नाही.

पहिल्या उत्खननाला जाताना

चार इंची ट्रॉवेल, इकडे सगळे डब्ल्यूएचएसचं घेतात, दुसरं नेलंत तर हसतात. गुडघ्याखाली घ्यायची फोमची चटई, रेनकोट वर-खाली दोन्ही, चांगले बूट, आणि ड्रॉइंगसाठी फोर-एच किंवा सिक्स-एच पेन्सिल, कारण प्लॅन प्लास्टिकच्या ड्राफ्टिंग फिल्मवर काढतात आणि एचबी पावसात पसरते. थर्मास. भाकरवडी न्या, साइटवर मित्र जोडायला त्याच्यासारखं काही नाही, ट्रेंचच्या त्या टोकाला असलेला अबोल सुपरवायझर पण चौथ्या दिवशी स्वतःहून विचारतो, ते रोल आहेत का अजून. आणि ट्रॉवेल चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत नको. माझं पहिलं मुंबई एअरपोर्टवरच राहिलं.